पणजोबा सापडले, पणजी कुठाय?

आपल्या कॉलेजातल्या निम्म्या तरी मुलामुलींनी एक रिसर्च प्रोजेक्ट फर्स्ट इयरला पाऊल ठेवण्याआधीच पूर्ण केलेला असतो. त्याचे मार्क मात्र कुणी देत नाही. प्रोजेक्टचं नाव 'जात पडताळणी'! आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, चुलत आजोबांचा जन्माचा उतारा, पणजोबांच्या नावाचा जुना सातबारा... एससी-एसटी असाल तर १९५० च्या आधीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १९६७ च्या आधीचा. बाबा तलाठ्याकडे, काका तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये आणि आपण झेरॉक्सच्या दुकानात. शेवटी कुठूनतरी एक पिवळा पडलेला कागद मिळतो, कमिटीपुढे जातो, व्हॅलिडिटी येते आणि तो कागद परत कपाटात जातो. त्या कागदावरचा माणूस कोण होता, कसा जगला, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की, विचारावं. आणि विचारताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी. आपल्या घराण्याची आठवण राहावी म्हणून हे कागद कुणी लिहिलेले नाहीत. सरकारला सारा हवा होता, म्हणून ते लिहिले गेले. म्हणजे ज्याने सारा भरला तो आपला 'पूर्वज' म्हणून सापडतो. ज्याने नुसता घाम गाळला, तो सापडत नाही.

थोडा इतिहास सांगते, कंटाळू नका. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा मुलूख इंग्रजांच्या हातात आला. जमीन कुणाची, किती, कुणाला माफी, कुणाला इनाम, हे सगळं मोडी दफ्तरांत आणि कुलकर्ण्यांच्या डोक्यात. प्रिंगल नावाच्या साहेबाने पहिली मोठी मोजणी आणि आकारणी केली, पण सारा इतका जबर बसला की लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. यातला विंगेट आपल्यापैकीच, म्हणजे इंजिनिअर! बॉम्बे इंजिनिअर्समधला लेफ्टनंट. शेताला नंबर द्यायचा, मातीचा कस बघून आकार ठरवायचा आणि तो तीस वर्षं बदलायचा नाही, अशी त्यांची पद्धत. सिव्हिलवाल्यांसाठी खास माहिती : मोजायची साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग सोळा, म्हणून त्यांना 'आणे' म्हणायचे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो झाला एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. हायवेच्या कडेला 'एनए प्लॉट, गुंठ्यापासून पुढे' अशा ज्या पाट्या दिसतात ना, त्यातला गुंठा ह्या साखळीतून आलाय.

पुढे १८५२ चा इनाम कमिशनचा कायदा आला. इनामदारांना, वतनदारांना सांगण्यात आलं की सनद दाखवा, कैफियत लिहून द्या, वंशावळ द्या. ज्यांना देता आलं नाही अशा हजारोंची इनामं गेली. गंमत बघा. आज ज्यांच्या घरी 'आमची वंशावळ दोनशे वर्षांची आहे' असं अभिमानाने सांगतात, त्यातल्या बऱ्याच वंशावळींचा उगम असा सरकारी नोटिशीत आहे. जमीन जाईल ह्या भीतीने आजोबा-पणजोबांची नावं सांगितली गेली. पुण्याच्या पेशवे दफ्तराला इंग्रज 'एलिअनेशन ऑफिस' म्हणायचे. एलिअनेशन म्हणजे सरकारने आपला सारा सोडून दिलेली जमीन. आपल्या इतिहासाचं एवढं मोठं भांडार, कोट्यवधी मोडी कागद, आणि त्याचं नाव पडलं ते बुडालेल्या साऱ्यावरून!

१९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा झाला. तोपर्यंत सारा कोण भरतो एवढंच मुख्यतः लिहिलं जायचं. आता हक्क कुणाचा, कूळ कोण, गहाण कुणाकडे, हेही लिहायला लागले. आपण म्हणतो तो सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, एका कागदावर. पण खरी गोष्ट असते ती गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत. सातबारा हा फोटो असेल तर फेरफार हा पिक्चर आहे. कोण वारलं, कुणी विकलं, कुणी गहाण टाकलं, कुणाचं नाव 'कमी' झालं, सगळं तिथे तारखेसकट. अर्थात हे झालं मुंबई इलाख्याचं. हॉस्टेलमधल्या मराठवाड्याच्या मंडळींचे पूर्वज निजामाच्या उर्दू कागदांत आहेत आणि त्यांच्याकडे १९५४-५५ च्या खासरा पत्रकाला फार मान. नागपूर-भंडारा बाजूला मालगुजार, कोकणात खोत. एकाच मेसच्या टेबलावर जेवणारे आपण चौघं, पण आपले पणजोबा चार वेगवेगळ्या प्रकारच्या कागदांवर आहेत, किंवा नाहीत.

'किंवा नाहीत' ह्याबद्दलच मला बोलायचं आहे.

आमच्या घरी भिंतीवर वंशावळ आहे, फ्रेम करून लावलेली. झाडाचं चित्र, बुंध्याशी मूळपुरुष, फांद्यांवर त्याची मुलं, नातू, पणतू. सात पिढ्या आणि त्यात एकही बाई नाही! झाड बघून वाटतं, आमच्या घराण्यात पुरुषांना पुरुषच फुटत गेले, गुलाबाच्या कलमासारखे. मागच्या वर्षी एका कामासाठी जुने फेरफार काढायचे होते. 'तुला कॉम्प्युटर येतो ना, मग तू काढ', असं ठरलं. भूमी अभिलेख खात्याच्या 'आपले अभिलेख' ह्या साइटवर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे नि फेरफार स्कॅन करून ठेवलेत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी पाच आणि सहा मला अजूनही क्षणभर थांबून वाचावे लागतात, त्यात तलाठ्याचं ते लफ्फेदार अक्षर. पण एकदा डोळा बसला आणि मग सोडवेना.

पणजोबा तिशीतच वारले होते. १९३० च्या दशकातली नोंद. खातेदार मयत, वारस मुलगे दोन, अज्ञान, आणि पुढे 'अ.पा.क.' म्हणून आईचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आमच्या पणजीचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे वाचलं. घरात तिला सगळे 'थोरली आई' म्हणत आले. पुढची अकरा वर्षं खात्यावर तीच आहे. तिने सरकारी तगाई घेतली. एक तुकडा गहाण टाकला आणि चार वर्षांनी सोडवून घेतला. मग मोठा मुलगा सज्ञान झाला आणि तलाठ्याने लिहिलं, 'अ.पा.क. कमी'. बस्स. त्यानंतर ती कुठल्याच कागदावर नाही. ती पुढे तीस वर्षं जगली म्हणे. अकरा वर्षं जिने जमीन राखली, ती भिंतीवरच्या झाडावर एका पानाएवढीही नाही. आणि तिच्या मुली? होत्या दोन, आज्जी सांगते. त्यांची तर 'वारस' ह्या शब्दाखालीही नोंद नाही.

कुणी म्हणेल, तो काळच तसा होता. बरं, मग आजचा काळ कसा आहे? १९५६ मध्ये हिंदू वारसा कायदा झाला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. एवढं सगळं झालं. आणि तरी आमच्या आत्याने हक्कसोडपत्रावर सही केलीच. रीतसर, रजिस्टर ऑफिसात जाऊन, वर साडी-चोळी घेऊन. 'माहेर तुटायला नको गं', एवढंच बोलली. म्हणजे पणजीच्या वेळी मुलीचं नाव तलाठी लिहीत नव्हता. आता तलाठी लिहितो आणि आपणच तिच्याकडून ते खोडून घेतो. प्रगती म्हणायची ती हीच का? उद्या तोच कागद माझ्यापुढे येईल. हॉस्टेलमधल्या अनेकींच्या पुढे येईल. तेव्हा सही करण्याआधी जुना फेरफार एकदा वाचा, एवढंच सांगते.

आता दुसरी गोष्ट, जरा अवघड आहे. आमच्या एका शेताच्या जुन्या सातबाऱ्यावर कुळाच्या रकान्यात एका माणसाचं नाव आहे. वर्षानुवर्षं आहे. कूळकायदा आला १९४८ चा. 'कसेल त्याची जमीन' म्हणून १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचा मालक होणार होतं. आणि त्याच्या तीनच वर्षं आधी फेरफार आहे, 'कुळाने खुषीने कब्जा सोडला.' खुषीने! वर्षानुवर्षं कसलेली जमीन, आणि मालकी दारात आलेली असताना माणूस ती खुषीने सोडतो? त्या काळात मुंबई राज्यात असे 'खुषीचे' राजीनामे गावोगाव झाले, हे काही गुपित नाही. मी आजोबांना विचारलं. 'तेव्हा सगळ्यांनीच केलं,' म्हणाले आणि पाणी मागितलं. मी पुढे विचारलं नाही. पण त्या कुळाचा नातू आजही आमच्या गावात राहतो, दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जातो. त्याला जर त्याचे पणजोबा शोधायचे असतील, तर ते आमच्या सातबाऱ्यावर आहेत, एका रकान्यात, खोडलेले.

पूर्वज शोधायला निघालेल्या लोकांना बहुतेक वेळा सनद हवी असते. आपण पाटील होतो, देशमुख होतो, कुणाचे तरी सरदार होतो, असं काहीतरी. मग ते बाईकच्या नंबरप्लेटवर येतं. पण जुने कागद प्रामाणिक असतात, ते अर्धंच सांगून थांबत नाहीत. इनामाच्या शेजारच्या ओळीत कूळही लिहिलेलं असतं. एक ओळ वाचायची आणि दुसरीवर बोट ठेवायचं, ह्याला शोध म्हणत नाहीत.

हे दुखणं आपलंच आहे असंही नाही. ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला तेव्हा २ कोटी पौंड भरपाई दिली, ती गुलामांच्या मालकांना! गुलामांना छदामही नाही. त्या भरपाईच्या दाव्यांच्या नोंदी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुल्या केल्या आणि कित्येक सभ्य इंग्रज घराण्यांना आपले पूर्वज त्यात 'मालक' म्हणून सापडले. वाईट वाटलं असेल, पण वाचलं तरी.

आणि त्याच गोष्टीचा पुढचा भाग थेट आपल्या कोकणात येतो. गुलाम सुटल्यावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८३४ पासून पुढे कराराने हिंदुस्थानातून माणसं नेली, 'गिरमिटिये'. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरून जवळपास पाच लाख माणसं गेली. कलकत्ता आणि मद्रासेबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली आणि रत्नागिरीकडची पुष्कळ मराठी माणसं त्यात होती. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. ह्या प्रत्येक मजुराची नोंद झाली. नंबर, नाव, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा, वय, उंची, अंगावरची खूण, जहाज आणि कुठल्या मळ्यावर पाठवला ते. १८६० च्या दशकापासून तर फोटोसुद्धा काढले, कारण पळून गेलेला मजूर ओळखता आला पाहिजे! ती रजिस्टरं आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत. लोक तिथे जातात आणि खापरपणजीचा फोटो नि गावाचं नाव घेऊन घरी येतात. २०२४ मध्ये भारत सरकारने मॉरिशसच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड देण्याचं जाहीर केलं, तेव्हा तर ह्या नोंदींचं मोल आणखी वाढलं. ज्या कागदाने माणसाला मळ्याला बांधलं, तोच कागद आज त्याच्या पणतवंडांना गाव परत देतोय.

आता गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, जो बोट धरून परदेशी गेला त्याचा फोटो आहे. आणि त्याचा जो भाऊ गावातच राहिला, खोताच्या शेतात राबला, त्याचं नावसुद्धा कुठे नसेल.

माझ्या रूममेटचं उदाहरण सांगते, तिला विचारून सांगते. त्यांच्या घराला जमीन कधीच नव्हती, म्हणजे सातबारा नाही. पणजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, म्हणजे दाखला नाही. तरी १९५० च्या आधीचा कागद आणा म्हणे! तिचे बाबा दीड वर्ष हिंडले. शेवटी जुन्या कोतवाल बुकात चुलत पणजोबांच्या मृत्यूची नोंद सापडली, जातीसकट. ती म्हणते, 'आमचा माणूस जगला त्याची नोंद नाही, मेला त्याची आहे.' २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा अशीच कोतवाल बुकं, शाळांची रजिस्टरं आणि मोडी-उर्दू कागद पानापानाने उलटले गेले. मोडी वाचणाऱ्या माणसांना एकदम भाव आला. आरक्षणाच्या वादात मी इथे पडत नाही. पण एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली असेल. आपल्या राज्यात पणजोबा कागदावर असणं-नसणं ह्यावर वीस वर्षांच्या पोराचं करिअर अडतं किंवा सुटतं. मग ही कागदं कुणाची, किती शाबूत, कोण वाचू शकतं, हा काय फक्त म्हाताऱ्यांचा छंद आहे?

म्हणून मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा तीन कामं करा.

एक, फेरफार काढा. नुसता सातबारा बघून परत येऊ नका. 'ए.कु.मॅ.' दिसलं तर घाबरू नका, तो एकत्र कुटुंब मॅनेजर, आपल्या एमबीएवाल्यांचा पूर्वज! 'अ.पा.क.' दिसलं तर मात्र थांबा. तिथे बहुतेक तुमची पणजी उभी असेल.

दोन, जे कागदावर नाही ते माणसांकडून लिहून घ्या. पणजीचं माहेर कुठलं, तिचं लग्नाआधीचं नाव काय, शेतावर राबायला कोण होतं. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना हे सगळं ठाऊक असतं. त्यांना कधी कुणी विचारलेलंच नसतं. ज्यांच्या घरी जमीन नव्हती त्यांनी तर हे आधी करावं. त्यांचं रेकॉर्ड रूम म्हणजे आज्जीच.

तीन, हे खास कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांना. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ मध्येच आली आहे. मोडी कागद देवनागरीत उतरवणाऱ्या मॉडेलवर आयआयटी रुरकीने काम केलंय, २०२५ मध्ये ते जाहीर झालं. म्हणजे विषय जिवंत आहे. दर वर्षी लायब्ररी मॅनेजमेंट आणि अटेंडन्स सिस्टिमचे तेच ते प्रोजेक्ट सबमिट करण्यापेक्षा एखाद्या ग्रुपने ह्याला हात घालावा. व्हायवाला एक्स्टर्नलला सांगायला काहीतरी खरं असेल. आणि आपल्या सरांनी-मॅडमनी अशा ग्रुपला 'हा काय इंजिनिअरिंगचा विषय आहे का' असं म्हणू नये, ही नम्र विनंती. विंगेटसाहेबाला कुणी तसं म्हटलं नव्हतं.

'जुनं उकरून प्लेसमेंट मिळणार आहे का?' असं विचारणारे भेटतीलच. नाही मिळणार. पण महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लिहायचं ठरवलंय. म्हणजे शंभर वर्षांनी कुणी पणती तिची पणजी शोधायला बसेल, तेव्हा तिला ती पहिल्याच ओळीत सापडेल. सरकारी कागद उशिरा का होईना सुधारतोय. भिंतीवरच्या फ्रेमा आपल्या आपण सुधारायच्या आहेत.

आमच्या फ्रेममध्ये मी पणजीचं नाव पेन्सिलीने लिहिलंय. तिच्या दोन्ही मुलींचंही. आणि मागच्या बाजूला, पुठ्ठ्यावर, त्या कुळाचं. काकांनी अजून पाहिलेलं नाही. पाहतील तेव्हा जे होईल ते होईल, पण आता खोडायचं असेल तर त्यांना स्वतःच्या हाताने खोडावं लागेल.